चुकलेलं गेट

शर्यतीच्या दिवशी पहाटे साडेपाचला माझ्या जाकिटाच्या खिशात चौदा पेन्सिली होत्या, दोन्ही बाजूंनी टोक केलेल्या. उणे नऊ अंशांत बॉलपेन लिहीत नाही, हे उंचावरच्या चौक्यांवर हिवाळे काढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. चौदा पेन्सिली, चौदा कार्डांचे गठ्ठे, ते भिजू नयेत म्हणून चौदा प्लास्टिकच्या पिशव्या, आणि हे सगळं ज्यांच्या हाती द्यायचं ते चौदा स्वयंसेवक. त्यातली नऊ जण बारामुल्ला आणि तंगमर्गकडची कॉलेजची मुलं-मुली, तीन जवान, एक निवृत्त शाळामास्तर आणि आपल्या पाटण तालुक्यातला एक हवालदार. या हवालदाराने आयुष्यातला पहिला बर्फ वयाच्या चोविसाव्या वर्षी पाहिला होता आणि त्याबद्दलचं त्याचं मत अजूनही फारसं चांगलं नव्हतं.

माझं पद होतं मुख्य गेट जज. नाव भारदस्त, काम निम्मं कारकुनी आणि निम्मं हवालदारकीचं.

मित्रांनो, इथल्या नेहमीच्या वाचकांना लढाया, खिंडी आणि पलटणींचे इतिहास वाचायची सवय आहे. आज विषय थोडा वेगळा आहे, पण फौज त्यातही आहे, आणि धुकंही आहे.

आधी काम काय ते सांगतो. स्लॅलम या शर्यतीत उतारावर लाल आणि निळ्या पोलांची गेटं आळीपाळीने लावलेली असतात. स्पर्धकाने प्रत्येक गेटातून गेलंच पाहिजे. घड्याळ असतं ते फक्त सुरुवातीला आणि शेवटाला. मधल्या पन्नासेक गेटांवर काय घडलं हे घड्याळाला कळत नाही. तिथे माणूस उभा करावा लागतो. नियम असा की दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही पाय गेटाच्या रेषेवरून योग्य बाजूने गेले पाहिजेत. पोल अंगाने आडवा केला तरी चालतो. वेगवान मंडळी नडगीने आणि मुठीने पोल झोडपतच जातात. पण पोल दोन पायांच्या मधे आला, म्हणजे एक स्की पोलाच्या एका बाजूने आणि दुसरी दुसऱ्या बाजूने गेली, तर गेट चुकलं आणि शर्यत संपली. हे घडायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

चूक दिसली तर गेट जजने कार्डावर स्पर्धकाचा नंबर, गेटाचा नंबर आणि ‘एफ’ हे अक्षर लिहायचं. शेजारी छोटं चित्र काढायचं: पोल कुठे होता, स्कीच्या खुणा कुठून गेल्या. बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, जागा सोडायची नाही. एखादा स्पर्धक गोंधळून थांबला आणि विचारू लागला, तर दोनच शब्दांची मुभा आहे: ‘गो’ किंवा ‘बॅक’. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खात्री असेल तरच चूक लिहायची.

त्या पहाटे कहवा पीत उभ्या असलेल्या मुलांना मी जे सांगितलं, ते मला तरुणपणी निरीक्षण चौकीवर शिकवलं गेलं होतं. काय दिसलं ते लिहा. काय झालं असेल ते लिहू नका.

आता थोडं मागे जाऊ.

गेटांची पहिली शर्यत म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती ऑस्ट्रियात लिलियनफेल्डजवळच्या मुकनकोगेल डोंगरावर झाली, १९ मार्च १९०५ रोजी. भरवणारा माथियास झदार्स्की. गेटं ८५, स्पर्धक २४, त्यातली एक स्त्री. झदार्स्कीला वेगापेक्षा ताब्याची चिंता होती: तीव्र उतारावर माणूस न पडता, हवं तिथे वळत उतरू शकतो हे त्याला दाखवायचं होतं. पुढे पहिल्या महायुद्धात त्याने ऑस्ट्रियन सैनिकांना डोंगरात वावरायचं शिक्षण दिलं, आणि १९१६ मध्ये तो स्वतः हिमस्खलनात सापडला. शरीरातली कितीतरी हाडं मोडली, तरी माणूस जगला आणि नंतर पुन्हा स्कीवर उभा राहिला. बर्फात काम केलेल्या कुठल्याही फौजीला हे वाचून टोपी काढावीशी वाटेल.

पण आज आपण ज्याला स्लॅलम म्हणतो, त्याचे नियम बसवणारा माणूस मात्र आपल्या मद्रासेत जन्मलेला. अर्नोल्ड लन, जन्म १८८८. वडील हेन्री लन त्या काळात मिशनरी म्हणून भारतात आले होते. पुढे परत जाऊन त्यांनी धर्मप्रसाराऐवजी इंग्रज पर्यटकांना हिवाळ्यात स्वित्झर्लंडला नेण्याचा धंदा काढला आणि तो जोरात चालला. अर्नोल्ड १९०९ मध्ये वेल्समध्ये कडा चढताना पडला. पाय असा मोडला की कायमचा आखूड झाला. त्याच पायावर तो आयुष्यभर स्की करत राहिला. जानेवारी १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्युरेन गावी त्याने जी शर्यत लावली, ती आधुनिक स्लॅलमची सुरुवात मानतात. त्याआधीच्या स्लॅलममध्ये वळण किती डौलदार घेतलं याला गुण असत. लनने ते काढून टाकलं. गेटातून जा, कसाही जा, जो लवकर पोचला तो जिंकला.

हा बदल वाटतो तेवढा साधा नाही. शैलीला गुण असतील तर तीन अनुभवी पंच खाली बसून सगळं ठरवू शकतात. एकदा फक्त वेळच मोजायची ठरली की गेट चुकवण्याचा मोह जन्माला येतो, आणि मग प्रत्येक गेटापाशी पहारेकरी लागतो. लनने घड्याळ आणलं आणि घड्याळामागून गेट जज आला.

इथे आणखी एक धागा आहे, तो फौजेच्या वाचकांसाठी. लन मंडळींची सगळ्यात जुनी शर्यत म्हणजे १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंटाना इथे झालेली ‘रॉबर्ट्स ऑफ कंदहार’ चषकाची. हे रॉबर्ट्स म्हणजे फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स, जन्म कानपूरचा, एकेकाळचे हिंदुस्थानातल्या फौजेचे सरसेनापती. जुलै १८८० मध्ये मैवंदला ब्रिटिशांचा दारुण पराभव झाला. त्या रणात आपल्या बॉम्बे ग्रेनेडियर्सचे शिपाईही पडले. त्यानंतर रॉबर्ट्सने सुमारे दहा हजारांची फौज घेऊन काबूल ते कंदहार हे पाचशे किलोमीटरचं अंतर ऑगस्टच्या उन्हात तीन आठवड्यांत कापलं. त्या कूचाचं नाव त्यांच्या पदवीला चिकटलं, पदवीचं नाव चषकाला, चषकाचं नाव १९२४ मध्ये म्युरेनला निघालेल्या कंदहार स्की क्लबला, आणि आजही आल्प्समधल्या अनेक उतारांना ‘कंदहार’ म्हणतात. तिथे घसरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की हे नाव धुळीतून चालत गेलेल्या शीख, गुरखा आणि पठाण शिपायांच्या पायांनी कमावलेलं आहे?

गुलमर्गला ही शर्यतीची हवा लगेच पोचली. १९२७ मध्ये दोन ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने इथे स्की क्लब ऑफ इंडिया निघाला. साहेब मंडळी सुट्टीत येत, स्थानिक माणसं सामान वर वाहून नेत. ते संपलं १९४७ ला. आणि १९४८ च्या डिसेंबरात, झोजी ला जिंकून अवघा महिना-दीड महिना झालेला असताना, जनरल थिमय्यांनी आपल्या १९ इन्फंट्री डिव्हिजनसाठी इथे स्की शाळा काढली. १९६२ मध्ये तिचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. म्हणजे साहेबांची करमणूक जिथे संपली तिथून आमचा अभ्यासक्रम सुरू झाला. मी तिथला कोर्स केला तेव्हा पहिल्या आठवड्यात जितका पडलो तितका अकादमीतल्या तीन वर्षांत पडलो नसेन.

आता ज्या घटनेसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. फ्रान्स, फेब्रुवारी १९६८. ग्रेनोबलचं हिवाळी ऑलिंपिक.

जाँ-क्लोद किली, वय २४. काही काळ अल्जीरियात फ्रेंच फौजेत साधा शिपाई होता. आता फ्रान्सचा लाडका. डाउनहिल जिंकलेला, जायंट स्लॅलम जिंकलेला. १९५६ मध्ये ऑस्ट्रियाच्या टोनी सायलरने तिन्ही सुवर्णपदकं एकाच ऑलिंपिकमध्ये घेतली होती. तसं करायला किलीला आता फक्त स्लॅलम हवं होतं. समोर होता कार्ल श्रान्झ, ऑस्ट्रियाचा, वय २९. जागतिक विजेता झालेला, पण ऑलिंपिकचं सुवर्ण कधीच न मिळालेला. ते मिळवायला त्याच्याकडे फार वर्षं उरली नव्हती.

१७ फेब्रुवारीला शॅमरूसच्या उतारावर दाट धुकं उतरलं. त्यात शर्यत घ्यावी की नाही यावर आजही वाद घालता येईल. घेतली गेली. दुसऱ्या फेरीत किली लवकर उतरला. त्यानंतर नॉर्वेचा होकोन म्योएन त्याच्यापेक्षा सरस वेळ देऊन गेला, पण गेटं चुकल्याने बाद ठरला. मग श्रान्झ निघाला. एकविसाव्या गेटाच्या सुमारास तो थांबला. म्हणाला, काळ्या कपड्यांतला एक माणूस माझ्यासमोरून मार्ग ओलांडून गेला. साक्षीदार सोबत घेऊन तो डोंगर चढून वर गेला आणि पुन्हा उतरण्याची परवानगी मागितली.

त्या वेळचे रेफरी एक कर्नल होते. ब्रिटिश कर्नल रॉबर्ट रेडहेड. त्यांनी परवानगी दिली. श्रान्झ पुन्हा उतरला, आणि असा उतरला की किली मागे पडला. ऑस्ट्रियन जल्लोष करू लागले, पत्रकारांसमोर श्रान्झ विजेता म्हणून बसला. सुमारे दोन तासांनी निर्णय आला: ज्या अडथळ्यामुळे श्रान्झ थांबला, त्याच्या थोडंच आधी त्याने दोन गेटं चुकवली होती. म्हणजे तो थांबण्याआधीच बाद झाला होता. म्हणजे दुसऱ्या संधीचा हक्कच नव्हता. म्हणजे ती अप्रतिम फेरी झालीच नाही असं धरायचं.

पुढचं तुम्ही कल्पना करू शकता. ऑस्ट्रियन म्हणाले, काळा माणूस म्हणजे फ्रेंच पोलीस किंवा शिपाई, किलीसाठी मुद्दाम पाठवलेला. आणि गेटं चुकली असतील तर तो माणूस लांबून दिसल्यामुळेच चुकली. फ्रेंच म्हणाले, कुणी माणूसबिणूस नव्हता. गेट चुकल्यावर श्रान्झने गोष्ट रचली. ज्युरी चार तास बसली. तीन मतं श्रान्झच्या विरोधात, त्यांतली दोन फ्रेंच आणि एक स्विस. एक सदस्य तटस्थ. श्रान्झच्या बाजूने एकच मत पडलं.

किलीला तिसरं सुवर्ण मिळालं. दुसऱ्या क्रमांकाच्या हर्बर्ट ह्यूबरपेक्षा तो एकूण ०.०९ सेकंदांनी पुढे होता. श्रान्झला ऑलिंपिकचं सुवर्ण कधीच मिळालं नाही. चार वर्षांनी सापोरोला तर ऑलिंपिक समितीने त्याला व्यावसायिक ठरवून स्पर्धेच्या आधीच घरी धाडलं, आणि व्हिएन्नाने त्याचं युद्ध जिंकून आल्यासारखं स्वागत केलं. जाता जाता सांगतो, ग्रेनोबलच्या त्या ऑलिंपिकमध्ये भारताकडूनही एक स्कीपटू होता: जेरेमी बुजाकोव्स्की, पोलिश कुटुंबातला, १९६४ मध्ये इन्सब्रुकला उतरलेला भारताचा पहिला हिवाळी ऑलिंपिकपटू.

या प्रकरणावर लिहिणारे जवळजवळ सगळे काळ्या कपड्यांतल्या माणसामागे धावतात. मला तो माणूस कमी महत्त्वाचा वाटतो. तो होता की नव्हता हा एक प्रश्न, आणि त्याच्या वरची दोन गेटं चुकली की नाही हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘होता’ असलं तरी दुसऱ्याचं उत्तर बदलत नाही. ऑस्ट्रियनांनी दोन्ही प्रश्न एकात गुंतवले, कारण पहिल्यात त्यांच्याकडे साक्षीदार होते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्या धुक्यात लायक कोण? खाली बसलेली ज्युरी नाही, वर थांबलेले प्रशिक्षक नाहीत, टीव्हीचा कॅमेरा नाही. गेटापासून पाच-सात पावलांवर जो उभा असेल तोच.

तीन मतांशी मी सहमत आहे, त्यातली दोन फ्रेंच होती हे वाईट दिसत असलं तरी. पण कर्नल रेडहेडबद्दल मला कधी राग आला नाही. त्यांनी डोंगरावर एका माणसाला परवानगी दिली होती. दिलेली परवानगी नंतर कागदाने खोडली गेली. आपल्यापैकी जे कोर्ट ऑफ इन्क्वायरीत एकदा तरी बसलेत, त्यांना ती खुर्ची माहीत आहे.

शर्यतीच्या आदल्या रात्री बुखारीभोवती बसून ही गोष्ट मी माझ्या चौदा जणांना सांगितली होती. मुलं रंगून गेली. तंगमर्गचा एकोणीस वर्षांचा एक मुलगा, ज्याचे वडील गुलमर्गला पर्यटकांची स्लेज ओढतात, त्याने विचारलं, “जनाब, त्या गेटांवर जो उभा होता त्याचं नाव काय?” मी म्हणालो, पुस्तकांत किली आणि श्रान्झची नावं असतात. तो हसला. म्हणाला, “मग बरंय.”

दुसऱ्या दिवशी ५२ गेटं होती. कोंगडोरीच्या वरच्या उतारावर सकाळी लख्ख ऊन, मागे अफरवात इतका स्वच्छ की हात लावावा. पहिल्या फेरीत गेटं चुकलेले सहा जण, सहाही कार्डं चित्रांसकट नीट. शाळामास्तरांची चित्रं तर भूमितीच्या वहीत लावावीत अशी. माझा ऊर भरून आला होता, आणि ऊर भरून आला की डोंगरात काहीतरी बिघडतं असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या फेरीसाठी नवा मार्ग लावून होईपर्यंत खालच्या दरीतून ढग चढले. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीचे अव्वल खेळाडू उलट्या क्रमाने सोडतात; सर्वांत पुढे असलेला त्या गटात शेवटी येतो. म्हणजे ज्याच्यावर सगळ्यांची नजर, तो नेमका ढगात उतरणार. मी रेडिओवर सांगितलं, सगळ्यांनी गेटांच्या आणखी जवळ सरका. प्रत्येकाकडे तीन-चार गेटं होती. एकाच्या जवळ सरकलं की दुसरं लांब जातं. दोन गेटांमागे एक माणूस हवा होता आणि तेवढी माणसं मी आदल्या दिवशी मागून घ्यायला हवी होती. उन्हात नियोजन केलं, ढगाचा विचार केला नाही. ती चूक माझी.

पहिल्या फेरीत पुढे असलेला खेळाडू फौजेतला होता. हवालदार, शांत माणूस. त्याला मी दोन हिवाळे सरावात पाहिलं होतं. पुढच्या शिबिराची निवड त्या पदकावर होती, आणि त्याच्या वयाला पुढची संधी मोजून एक-दोनच. खरं सांगतो, तो जिंकावा असं मला वाटत होतं. मुख्य गेट जजला असं वाटू नये. वाटत होतं.

तो उतरला, वेळ सर्वोत्तम आली, खाली त्याच्या संघाने त्याला खांद्यावर घेतलं. मी कार्डं गोळा करत वरून खाली येत होतो. त्या स्लेजवाल्याच्या मुलाकडे ३१ ते ३४ नंबरची गेटं होती. त्याने पिशवीतून कार्ड काढलं आणि लगेच दिलं नाही. बघितलं तर हवालदाराच्या नंबरापुढे ३३ आणि ‘एफ’. शेजारी चित्र: पोल, आणि पोलाच्या दोन बाजूंनी दोन रेषा.

खालचा जल्लोष त्यालाही ऐकू येत होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, “जनाब, ये काट दूँ?”

मी लगेच नाही म्हणालो नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक, दोन सेकंद, चार सेकंद. तेवढ्यात माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. ढग होता, मुलगा नवखा होता, शंका घ्यायला जागा होती. खोडायला सबबी भरपूर होत्या आणि सगळ्या सभ्य होत्या. शिवाय तो मुलगा स्वतःहून विचारत होता. मला फक्त गप्प बसायचं होतं.

शेवटी मी विचारलं, “कशाला खोडायचं? दिसलं नाही का?”

“दिसलं.”

“मग?”

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, “सगळे वर्दीवाले आहेत, जनाब. अब्बाला रोज इथेच यायचंय.”

त्याची भीती खरी ठरली असती असं मी म्हणत नाही. पण भीती होती, आणि माझ्या अंगावरही वर्दीच होती. मी कार्ड त्याच्या हातून घेतलं आणि माझ्या गठ्ठ्यात ठेवलं. त्यावर मी काही बोललो नाही; बोलायला हवं होतं असं नंतर वाटलं.

बाद झालेल्यांची यादी लागली. हरकत घ्यायला पंधरा मिनिटं असतात. त्यांच्या संघाने नवव्या मिनिटाला अनामत भरून लेखी हरकत घेतली. ते त्यांचं कामच होतं. कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं चित्रण पुढे केलं. त्यात पांढरं, आणखी पांढरं, मधे एक ठिपका आणि एकदा हललेला पोल. शेजारच्या ३५ नंबरपासून पुढची गेटं आमच्या पाटणच्या हवालदाराकडे होती. तो आणि तो खेळाडू एकाच लंगरात जेवत. त्याला विचारलं तेव्हा तो सावधान उभा राहून मराठीतच बोलला, आणि मी भाषांतर केलं: “साहेब, ढगात मला माझंच पस्तीस धड दिसत नव्हतं. तेहतीस कुठून दिसणार? नाही बघितलं ते बघितलं कसं म्हणू? आणि चुकलं नाही असं तरी कसं म्हणू?”

मग त्या मुलाला तंबूत बोलावलं. टेबलामागे तीन जण, बाजूला संघाचे अधिकारी, मी कोपऱ्यात. त्याला विचारलं, इतक्या ढगात दिसलं कसं? तो म्हणाला, मी एकतीसच्या जवळ उभा होतो, पण तो येताना आवाज आला म्हणून दोन पावलं खाली सरकलो, तेहतीस माझ्यासमोर चार पावलांवर होतं. मग त्याने खिशातून माझी पेन्सिल काढली, टेबलावरच्या आणखी दोन उचलल्या. एक उभी धरली: पोल. दोन आडव्या: स्की. डावीचं टोक पोलाच्या आतून, उजवीचं बाहेरून. पोल पायांत अडकून खाली गेला आणि मागे उसळला. पुन्हा विचारलं तर पुन्हा तसंच दाखवलं. तिसऱ्यांदा जरा तिरकस शब्दांत विचारलं तरी पेन्सिली त्याच जागी आल्या. आवाज थरथरत होता, पेन्सिली नाही.

शेवटी खेळाडूला विचारलं. तो बराच वेळ बूट बघत होता. म्हणाला, “पोल पायाला जोरात लागला. आतून की बाहेरून, मला सांगता येत नाही, साहेब.”

मला आजही वाटतं की त्याला सांगता येत होतं. पण हे मला वाटतं, दिसलं नाही.

हरकत फेटाळली गेली. सुवर्णपदक दुसऱ्याच एका राज्याच्या मुलाला गेलं, ज्याने ते मिळेल असं धरलंच नव्हतं आणि जो बक्षीस समारंभाला जवळजवळ तंगमर्गला उतरून गेला होता. संघाचे अधिकारी माझे जुने परिचित. त्या रात्री जेवताना आमच्या टेबलावर हवामानाबद्दल पुष्कळ बोलणं झालं. खेळाडूने मात्र निघताना त्या मुलाशी हात मिळवला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

तिन्हीसांजेला मी आणि पाटणचा हवालदार मार्गावरचे पोल उपसायला वर गेलो. बर्फ पडायला लागला होता. “साहेब, गावाकडे हे कसं सांगायचं?” तो म्हणाला. “बर्फात उभं राहून लोकांचे पाय बघत होतो म्हटलं तर कोण विश्वास ठेवील?” तेहतीस नंबरपाशी मी थांबलो. सकाळपासून स्कींनी कोरलेली पोलाभोवतीची खोल खाच ताज्या बर्फाने निम्मी भरली होती. खुणा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. हवालदाराने पोल पिळून बाहेर काढला, नंबर मोठ्याने मोजला आणि गठ्ठ्यात टाकला.

खाली आल्यावर पेन्सिली मोजल्या. तेरा भरल्या.